कोक-मुझचं कुलूप

साझ-बुलाक, १४ मार्च

बुरुल,

सुखरूप आहेस ना? नवरा, लेक? आपल्याकडे यानंतर जनावरांची चौकशी करायची असते. तुझ्याकडे जनावरं नाहीत, म्हणून फोटोत दिसल्या होत्या त्या खिडकीतल्या कुंड्या सुखरूप आहेत का, एवढं विचारतो.

इकडे सरोवरावरून धुकं वर आलं आहे आणि परत जायला विसरलं आहे. अंगणात उभं राहिलं की कुंपण दिसत नाही, पण कुंपणापलीकडची घोडी श्वास घेते ते ऐकू येतं. सकाळची नमाज आटोपली की मी थोडा वेळ तसाच बसतो. वर कोक-मुझ, आपली हिमनदी, आहे हे माहीत असतं. दिसत नाही, तरी पाठीला जाणवतं, घरात कुणी थोर माणूस झोपलेलं असावं तसं.

तुझी वहिनी बेर्मेत म्हणाली, "लिहिणार आणि टाकणार नाही. मग शाई कशाला वाया घालवता?"

खरं आहे तिचं. हे पत्र मी टाकणार नाही. त्याचं कारण असं.

हिवाळ्यात बिश्केकहून तुमार नावाची एक मुलगी आली होती. वयाने लहान, पण सरकारी कामात मुरलेली. नवा कायदा झाला आहे. देशात अशी काही शास्त्राची ठाणी आहेत की ज्यांची गरज सगळ्या देशाला, पण खर्च एकट्या कुणाला झेपत नाही: डोंगरावरची वेधशाळा, बियाण्यांचं कोठार, भूकंप ऐकणारं केंद्र, सरोवरावरची तपासणीची बोट आणि आपलं हिमनदीचं ठाणं. सरकार आता दर वर्षी त्यांच्यासाठी पैसा बाजूला काढणार, आणि तो कुणाला किती द्यायचा हे एक परिषद ठरवणार. परिषदेत विद्वान तर असणारच. शिवाय, ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं त्यांच्यातला एक माणूस. हिमनदीचं पाणी पिणारा कुणीतरी हवा होता. मी इतकी वर्षं पाटकरी म्हणून पाणी वाटतो आहे, म्हणून तालुक्याने माझं नाव दिलं.

"पाणी वाटणारा आता पैसे वाटणार," बेर्मेत म्हणाली. "दोन्ही बोटांच्या फटीतून गळतात."

तुमार हसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि थोरल्या भावाला हाक मारावी तशी सहज म्हणाली, "बाइके, हिमनदीच्या ठाण्यासाठी एक अर्ज थेट आल्प्समधून आलाय. बाई लिहितात, ठाणं नीट, पुरतं उभं राहणार असेल तर मी इथली नोकरी सोडून परत येईन, चालवीन. अर्धवट उभं करणार असाल तर मला बोलावू नका." आणि तिने तुझं नाव घेतलं.

मी वाटीत चहा ओतत होतो. तो ओततच राहिलो.

"सख्खी बहीण आहे त्यांची," बेर्मेतने सांगून टाकलं.

तुमारने भाकरी खाली ठेवली. म्हणाली, "मग हे सभेत सगळ्यांसमोर सांगायचं. आणि निर्णय होईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही."

"ते सोपं आहे," मी म्हणालो. "ती माझ्याशी बोलतच नाही."

आईच्या स्मरणाच्या, आशच्या जेवणाला तीन हिवाळे झाले. आपण घोडी कापली होती, मी सुरी घेऊन उस्तुकान लावत बसलो होतो: कुणाच्या ताटात कोणतं हाड, वयाप्रमाणे, मानाप्रमाणे. ते काम खोऱ्यात मलाच देतात. त्याच वर्षी ठाण्याच्या छपरासाठी आलेला पैसा गावच्या थोरांनी शाळा, मशीद, दवाखाना आणि ठाणं असा चार ठिकाणी वाटला होता, आणि चारही छपरं गळत राहिली होती. तू परातीपाशी उभी राहून, सगळ्या पांढऱ्या दाढ्यांसमोर म्हणालीस, "तुम्हा लोकांना आलेली प्रत्येक गोष्ट कापून वाटायचीच माहीत, बाइके. उद्या हिमनदीही कापाल." माझी सुरी हाडातच थांबली.  सकाळी तू चहा न घेता गेलीस. जाताना खिळ्यावरची ठाण्याची किल्ली काढून खिशात घातलीस ते मी पाहिलं. वडील ठाण्याचे राखणदार होते तेव्हाची, त्यांची किल्ली. ती मी मागितली नाही.

तू परत येशील असं मला वाटत नव्हतं. आता वाटायला लागलं आहे, आणि वाटायला लागल्यापासून झोप पातळ झाली आहे.

एसेनकुल


बिश्केक, ६ मे

बुरुल,

पहिली सभा झाली. खोली मोठी, खिडक्या उंच, बाहेर पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता. तो आत येऊन कागदांवर बसत होता आणि विद्वान लोक बोलता बोलता तो फुंकत होते. मला सारखं वाटत होतं, बर्फ पडतं आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

अध्यक्ष आहेत काचकिनबाय आक्साकाल. पांढऱ्या दाढीचे, खरेच आक्साकाल, ऐंशीकडे झुकलेले, अकादमीचे, तरुणपणी तारे मोजायचे. अजूनही समोरच्या माणसाकडे फार लांबून आल्यासारखं बघतात. एक परदेशी तज्ज्ञ आहे, केर्स्ती, एस्टोनियाची. तिच्या देशात असल्या परिषदा जुन्या आहेत म्हणून बोलावली आहे. ती रशियन बोलते, कमी बोलते.

तुमारने सुरुवातीलाच विचारलं, "अर्जदारांपैकी कुणाचे नातेवाईक आहेत का? असतील तर सांगावं."

 मी उभा राहिलो. आता खोटं कसं बोलायचं? नातेवाईक म्हणजे काय, ते आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. मी वडिलांपासून सुरू केलं, मग आजोबा, असे सातही पूर्वज म्हणून दाखवले. चौथ्या पूर्वजाच्या धाकट्या भावाकडून वेधशाळेचे संचालक माझे पुतणे लागतात. सहाव्याच्या बायकोकडून बियाण्यांच्या कोठाराच्या बाई माझ्या मामेबहीण. बोटीचे कप्तान तर आपल्या आत्याच्या नवऱ्याचे...

"थांबा, थांबा," आक्साकाल म्हणाले. "एसेनकुल, तुझा नातेवाईक नाही असं कोण आहे या खोलीत?"

मी बघितलं. "केर्स्ती बाई," म्हणालो.

खोली हसली. मग भूकंपवाले प्रोफेसर म्हणाले, "सातव्या पूर्वजावर गेलं तर मीही पाच ठिकाणी अडकतो." आणि एकेक जण उठून आपापले पूर्वज म्हणायला लागला. केर्स्ती तुमारला हळूच विचारत होती, "हे प्रार्थना करताहेत का?" तुमारने कपाळाला हात लावला. "बाई, सगळ्यांनाच बाहेर काढलं तर मत कोण देणार? मी आणि हा कापूस?"

शेवटी ठरलं की एका छताखाली वाढलेले तेवढेच नातेवाईक धरायचे. तेव्हा मी पुन्हा उभा राहिलो. "हिमनदीच्या ठाण्याचा अर्ज माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे. आम्ही एका रजईत झोपलो आहोत."

या वेळी कुणी हसलं नाही. कोक-मुझचा विषय निघेल तेव्हा मी बाहेर जायचं, त्यावर मला मत नाही, असं ठरलं. त्याप्रमाणे मी बाहेर गेलो. लांब व्हरांडा होता, शेवटाला नळ टपकत होता. बाकावर बसून मी त्या थेंबांच्या मध्ये तुझं नाव घेत राहिलो, तसबीचे मणी ओढावेत तसं. मत नसलं तरी दुआ मागायला नियम आड येत नाही. तुमारला विचारून घेतलं. म्हणाली, "त्याबद्दल कलम नाही, बाइके."

एसेनकुल


साझ-बुलाक, २२ जुलै

बुरुल,

परिषद सगळी ठाणी बघत फिरते आहे, आणि काल आपल्याकडे वर आली.

धुकं नव्हतं. पण जास्त उजेडातही धुक्यासारखंच होतं. बर्फ इतकं चमकत होतं की माणसांना कडा उरल्या नव्हत्या. काचकिनबाय आक्साकाल घोड्यावरून वर आले. त्यांच्या डोक्यावरचा पांढरा कल्पाक बर्फात मिसळून गेला आणि वाटलं, एक दाढी आणि एक घोडा तेवढे वर चालले आहेत. हिमनदी आतून बोलत होती. तो आवाज तुला माहीत आहे, झोपेत कूस बदलल्यासारखा. केर्स्ती थांबली, हातमोजा काढून तिने बर्फावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

मग दार. दाराला कुलूप.

"किल्ली कुणाकडे?" आक्साकालांनी विचारलं.

"गावात नाही," मी म्हणालो. खरंच नाही.

भूकंपवाले प्रोफेसर दगड घेऊन पुढे झाले. मी कुलपासमोर उभा राहिलो. का, ते मलाही सांगता आलं नसतं. म्हणालो, "दक्षिणेची खिडकी उघडते. आम्ही लहानपणी तिथूनच जायचो."

मग देशातली सगळी विद्या खिडकीतून आत गेली. आक्साकालांना खालून मी आणि ड्रायव्हर उचलत होतो, आतून केर्स्ती ओढत होती. ते अर्धे आत, अर्धे बाहेर असताना म्हणाले, "माझ्या आयुष्यातलं हे पहिलं ठाणं जिथे प्रवेशच संशोधन आहे."

आत सगळं आहे तसं आहे. वडिलांची उशीची खुर्ची, वाकडं धुराडं, भिंतीवर आपल्या उंचीच्या रेघा. तुझी शेवटची रेघ माझ्या खांद्याशी थांबली आहे. छताच्या फटीतून उन्हाची एक दोरी खाली आली होती आणि तिच्यात धूळ अगदी सावकाश वर जात होती. केर्स्तीने विचारलं, "इथलं शेवटचं उपकरण कधी बंद पडलं?" कुणाला आठवेना. मी बाहेर निघालो, कारण विषय कोक-मुझचा होता. तुमार म्हणाली, "बाइके, खिडकीतून सारखं ये-जा करू नका. पाय मोडाल. कानावर हात ठेवा, झालं." म्हणून मी कानांवर हात ठेवून वडिलांच्या खुर्चीत बसलो. कान बंद केल्यावर हिमनदी जास्तच ऐकू येते.

दुपारी गावाने मेंढी कापली. मी उस्तुकान लावला. मांडीचं हाड आक्साकालांना, शेपटीकडचं हाड आणि चरबी मानाने केर्स्तीला. ती घाबरून म्हणाली, "एवढं मी कसं खाऊ?" बेर्मेत म्हणाली, "खायचं कुठे आहे बाई? उरलेलं बांधून न्यायचं. पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर रात्रभर माझ्या नवऱ्याला झोप लागत नाही." प्रोफेसरांना, तुमारला ज्याचं त्याचं. आणि ड्रायव्हर मागे उभा होता, त्यालाही फऱ्याचं हाड.

आक्साकाल हे सगळं बघत होते. म्हणाले, "बघा. कुणी उपाशी नाही, कुणी नाराज नाही, ड्रायव्हरसुद्धा. एसेनकुल, तू हे कुठे शिकलास?"

"बघून बघून, आक्साकाल."

"सरकारी पैसा असाच वाटायला हवा," ते म्हणाले आणि सगळ्यांनी मान हलवली.

मला बरं वाटलं, बुरुल. खोटं का सांगू? उतरताना सबंध वाट मी हलका होतो, घोड्यावर नव्हे, ढगावर बसलो आहे असं. घराशी आलो, सुरी धुवायला घेतली, आणि पाण्यात तिचं पातं बघताना एकदम तू परातीपाशी उभी दिसलीस.

एसेनकुल


बिश्केक, १७ ऑक्टोबर

बुरुल,

निर्णय झाला. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मलाच पुन्हा स्वप्न वाटेल.

काल रात्री स्वप्न पडलंच होतं. वडील हिमनदीवरून किटली घेऊन चालले आहेत. मी मागून हाक मारतो आहे. ते वळून म्हणतात, "थांब, सगळ्यांना पुरेल," आणि प्रत्येक भेगेपाशी बसून थोडा थोडा चहा ओततात. माझ्यापर्यंत येतात तेव्हा किटली रिकामी. मी वाटी पुढे धरून उभा.

आज सभेत काचकिनबाय आक्साकालांनी वाटणी वाचून दाखवली. पाचही ठाण्यांना दर वर्षी वाटा. वेधशाळा थोरली, तिला मोठा. बोट धाकटी, तिला लहान. कुणी रिकामं नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही एसेनकुलची पद्धत आहे. डोंगरावर शिकलो."

लोक माझ्याकडे बघून हसले, मायेने. केर्स्ती हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "एवढ्या पैशात यातल्या कोणत्या ठाण्याचं यंत्र येईल?"

"यंत्र नाही येणार," प्रोफेसर म्हणाले. "पण पगार होतील, रंग होईल. दारं नवीन होतील."

"मग त्या दारांच्या आत काय असेल?"

"बाई, तुमच्याकडे कोरड्या हिशोबाने चालतं," आक्साकाल म्हणाले. "आमच्याकडे माणसं आहेत. एकाला दिलं आणि चौघांना नाही, तर तोंड कुठे दाखवायचं?" आणि त्यांनी बाता, शेवटचा आशीर्वाद, द्यायला हात उघडले. तुला ठाऊक आहे, बाता झाला की विषय संपला. मग त्यावर मत घेणं म्हणजे नुसती सही. सगळ्यांनी तळहात उघडले. खोलीभर उघडे तळहात, पाण्याची वाट बघणाऱ्या वाफ्यांसारखे.

माझे हात गुडघ्यांवरून उठेनात.

आक्साकाल थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या बाताला कुणी हात आवरले नसतील. "एसेनकुल, हात दुखतो का?"

"नाही, आक्साकाल."

"मग?"

मी म्हणालो, "आक्साकाल, त्या दिवशी मी वाटली ती मेंढी खायची होती. ती मेलेली होती. ही दुभती घोडी आहे. आपण हिला कापून वाटतो आहोत."

 मी उभा राहिलो, कारण बसून बोललो तर आवाज फुटला नसता. म्हणालो, "आमच्या खोऱ्यात एखाद्या घरी दुभतं जनावर नसलं तर शेजारी आपली घोडी एका उन्हाळ्यापुरती त्या घरी बांधतो. अख्खी. पोरं दूध पितात, उरलेलं आंबवून कुमिस लावतात, सावरतात. पुढच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या घरी. ज्यांची पाळी यायची असते ते वाट बघतात, पण ते उपाशी मरत नाहीत, कारण घोडी जिवंत आहे हे त्यांना माहीत असतं. एका वर्षाचा सगळा पैसा एका ठाण्याला द्या. यंत्रं, छप्पर, माणसं, सगळं पुरतं. बाकीच्यांना राखणदार आणि कोळसा एवढंच. पुढच्या वर्षी दुसरं. एकेक करून पाचही उभी राहतील. नाहीतर पाचही ठिकाणी नवीन दारं असतील."

केर्स्ती म्हणाली, "मी हेच तीन अहवालांत लिहिलं होतं." मग जरा हसून, "पण त्यात घोडी नव्हती."

आक्साकाल रागावले होते. चेहरा नाही, कान लाल झाले होते. "आणि पहिल्यांदा घोडी कुणाच्या दारी बांधायची, एसेनकुल? तुझ्या बहिणीच्या?"

हे येणार हे मला ठाऊक होतं. 

"त्यावर मला तोंड नाही," मी म्हणालो. "मी बाहेर जातो."

"आधी हे सांगून जा. तुझं ठाणं शेवटी राहिलं तरी हीच पद्धत म्हणशील?"

तुमार उठली. "आक्साकाल, हा प्रश्न नियमात बसत नाही. क्रम गरजेवर ठरतो, कुणी काय सुचवलं त्यावर नाही."

"मुली, मी नियमाला विचारत नाही. माणसाला विचारतोय."

मी म्हणालो, "म्हणेन, आक्साकाल."

आणि बाहेर आलो. तोच व्हरांडा, तोच नळ. अजून टपकतोच. कोपऱ्यात कोट अंथरून मी दुपारनंतरची, असरची नमाज पढलो. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा जमीन गार होती, बर्फासारखी गार, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की मी वर आहे, आपल्या ठाण्यात, आणि तू शेजारच्या खोलीत स्टोव्ह पेटवते आहेस, भांड्यांचा आवाज येतो आहे. इतकं स्पष्ट. मी डोकं उचलायला घाबरलो. काय मागितलं ते तुला सांगत नाही. क्रम मागितला नाही, एवढं सांगतो.

दार उघडून तुमार आली. तिचे डोळे बघूनच कळलं.

घोडी कापायची नाही हे मान्य झालं. पहिली बियाण्यांच्या कोठाराला, मग भूकंप, मग वेधशाळा, मग बोट. कोक-मुझ पाचवं. कारण असं लिहिलं आहे: बर्फ थांबू शकतं. केर्स्तीने विरोध नोंदवला. म्हणाली, बर्फ तेवढंच थांबू शकत नाही. पण तिचं मत एकटंच पडलं.

मी आत गेलो. आक्साकालांनी माझ्याकडे त्या लांबच्या नजरेने पाहिलं. आता त्यांचे कान लाल नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "ये, बस. तुझ्याशिवाय बाता देत नाही."

त्यांनी हात उघडले. या वेळी मीही उघडले, बुरुल. बियाण्यांसाठी, भूकंपासाठी, ताऱ्यांसाठी, बोटीसाठी. आमीन म्हणून तळहात चेहऱ्यावरून फिरवले तेव्हा ते ओले झाले.

तू लिहिलं होतंस, पुरतं उभं राहणार असेल तर येईन. उभं राहील, पुरतं. पण पाच वर्षांनी. तोवर तुझी लेक तिथली होईल, तूही. हे मला आत खोलीत बोलतानाच कळत होतं. बेर्मेतला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पाणी वाटताना सुद्धा तुम्ही आपलं शेत शेवटी ठेवता. मला काय नवीन आहे?" आणि रडायला लागली.

एसेनकुल


काराकोल, २३ ऑक्टोबर

बुरुल,

पोस्टातच उभा राहून लिहितो आहे. तुमारने सांगितलं, निर्णय जाहीर झाला, आता नियम संपला, बहिणीला काय लिहायचं ते लिहा. म्हणून सगळी पत्रं एका पाकिटात घालतो. खिडकीतली बाई म्हणाली, "आजोबा, एवढं जाड? लोक हल्ली फोन करतात." मी म्हणालो, ती फोन उचलत नाही. ती म्हणाली, "मग जाडच बरं."

परिषदेकडून तुला छापील कळवणूक आलीच असेल. तीत 'बर्फ थांबू शकतं' असं असेल. ते वाचून तू हसलीस की रागावलीस, ते कळलं तर बरं वाटेल. न कळलं तरी मी लिहीन.

एसेनकुल


साझ-बुलाक, ९ जून

बुरुल,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला तुमच्या गावचा पूल, मागे एकच ओळ: "बाइके, कुलूप तोडलंत का?"

तीन हिवाळे आणि हा चौथा, त्यानंतर तुझ्या हातचं अक्षर. मी ते मशिदीत वाचलं, घरी वाचलं, पाटावर पाणी सोडताना वाचलं. बेर्मेत म्हणाली, "ओळ एकच आहे, झिजेल." तिनेही दोनदा घेऊन वाचलं.

उत्तर देतो.

बर्फ उतरल्यावर गावाने छप्पर करायचं ठरवलं. पैसा पाचव्या वर्षी येईल, पण तोवर पावसाला कुणी सांगायचं? ज्यांच्या शेतात कोक-मुझचं पाणी जातं त्या प्रत्येक घरातून एक माणूस आला. शाळा, मशीद, दवाखाना यांत या वेळी काही वाटलं नाही. सगळे पत्रे एकाच छपरावर गेले. मागच्या वेळी पैसा चौघांत वाटणारे थोरही आले होते. त्यातले सगळ्यात थोरले खिळे हातात धरून मला म्हणाले, "तुझी बहीण त्या दिवशी फार उद्धट बोलली होती." मग एक खिळा देऊन म्हणाले, "छप्पर गळत होतं हे मात्र खरं."

केर्स्तीने स्वतःच्या संस्थेतलं एक जुनं उपकरण पाठवलं आहे, बर्फाची जाडी सांगणारं. परिषदेच्या नियमाबाहेर, भेट म्हणून. खोक्यात वर चिठ्ठी होती: शेपटीच्या हाडाबद्दल आभार. ते गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आहे. लावायला कुणाला येत नाही, आणि मी कुणाला हात लावू दिला नाही.

पत्रे, लाकूड, खोकं, चहाची किटली, माणसं, सगळं दक्षिणेच्या खिडकीतून आत गेलं आणि बाहेर आलं. बेर्मेत अडकली होती. चौकटीत बसून सगळ्या गावासमोर मला म्हणाली, "एका कुलपासाठी पाच वर्षं ही कसरत करायची का हो? तोडा ना!" दोघातिघांनी हातोडे उचलले.

मी तोडू दिलं नाही, बुरुल. दार तसंच आहे. पैसा येईल तेव्हा यंत्रंही खिडकीतूनच चढवू, खिडकी मोठी करावी लागली तर करू. पण दार आतून किंवा बाहेरून कुणी उघडणार नाही.

काल संध्याकाळी सगळे उतरल्यावर मी मागे राहिलो. मगरिबची नमाज दारासमोरच पढलो. ऊन गेलं होतं, बर्फात मात्र ते थोडा वेळ राहतं, निळं होत जातं. कुलपावर हात फिरवला. गंज धरायला लागलं होतं. खिशात कागदात गुंडाळलेली मेंढीच्या शेपटीची चरबी होती. ती बोटाने किल्लीच्या भोकात घातली, कडीला लावली, कापडाने पुसलं. दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत लावत जाईन. म्हणजे तू येशील तेव्हा किल्ली एकदाच फिरवावी लागेल.

तुझा बाइके,
एसेनकुल